मानेच्या वरच्या सांध्याची दुखापत, शस्त्रक्रियेशिवाय उपचार आणि दादाचे हेलोमधले दिवस

निशिगंध

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण आज बसलेच.

महिन्यापूर्वी माझ्या दादाच्या (वय ३८) गाडीला बाजूने जोरात धडक बसली. तो स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरला, बोलत होता, हातपाय हलत होते. फक्त मान सरळ होईना. हनुवटी डावीकडे वळलेली आणि डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं. तपासणीत एक्स-रे काढला, "हाड शाबूत आहे, स्नायू आखडलेत" असं सांगितलं, मऊ कॉलर आणि गोळ्या दिल्या. आम्ही निश्चिंत होऊन घरी आलो.

चार दिवस गेले, सहा गेले, मान तशीच. रात्री कूस बदलताना तो कण्हायचा. "उसण भरल्यासारखं आहे, जाईल आपोआप" असं तोच आम्हाला समजावत होता. नवव्या दिवशी ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्यांनी मानेच्या दोन्ही बाजूंना नुसती बोटं टेकवली आणि हात काढून घेतला. म्हणाल्या, "मी याला अजिबात हात लावणार नाही. आजच्या आज सीटी करून घ्या."

सीटीमध्ये दिसलं की मानेचा पहिला मणका दुसऱ्या मणक्यावर फिरून तिथेच अडकला होता. नशिबाने एमआरआयमध्ये मुख्य लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा) शाबूत निघालं. मग दवाखान्यात निजवून कवटीला ट्रॅक्शन लावलं, म्हणजे वजन टांगून मान हळूहळू ओढून धरली. चौथ्या दिवशी मणका जागेवर आला आणि आता हेलो व्हेस्ट घातलंय. म्हणजे डोक्याभोवती कडं, चार पिना, छातीवर जाकीट आणि त्यांना जोडणारे दांडे. दहा आठवडे सांगितलेत, त्यातला दुसरा सुरू आहे. शस्त्रक्रिया झालेली नाही.

ज्यांनी हेलो वापरलंय त्यांनी रोजच्या गोष्टी सांगाव्यात ही विनंती. झोप, अंघोळ, पिनांची काळजी, सगळंच. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते: मार लागल्यावर वाकडी झालेली मान काही दिवसांत सरळ झाली नाही, तर "लचक आहे" म्हणून घरी थांबू नका. आमचे नऊ दिवस गेले. ते नव्वद झाले असते तर हा धागा वेगळाच निघाला असता.

दीपस्तंभ

ताई, दादांना आधी माझा नमस्कार सांगा. मी अकरा आठवडे हेलोमध्ये काढलेत. माझा पहिला मणका (ॲटलस) दोन ठिकाणी मोडला होता, उथळ पाण्यात सूर मारल्यामुळे. लिगामेंट टिकलं होतं म्हणून शस्त्रक्रिया लागली नाही.

सांगण्यासारखं खूप आहे, जमेल तसं लिहितो.

पहिले तीन-चार दिवस कपाळावर जड पट्टा आवळल्यासारखं वाटतं. ते उतरतं. पिना लावल्यानंतर साधारण एक-दोन दिवसांनी डॉक्टर त्या पुन्हा ठरावीक जोर लावून आवळतात, तेव्हा परत थोडं दुखतं. ते अपेक्षित आहे. एखादी पिन मध्येच नव्याने दुखायला लागली किंवा डोकं हलवल्यावर तिथून 'कट' असा आवाज आला, तर ते मात्र अपेक्षित नाही. माझी उजवीकडची मागची पिन पाचव्या आठवड्यात सैल झाली होती. आवाज आला त्याच दिवशी गेलो आणि दहा मिनिटांत काम झालं. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा आठवडाभर तसाच थांबला होता, त्याच्या पिनेला पू झाला आणि जागा बदलून नवी पिन घालावी लागली.

झोपायचं म्हणजे पाठीवर, किंवा थोडं तिरकं. मानेमागे जी पोकळी राहते तिथे घडी केलेला पातळ टॉवेल. त्यावर डोक्याचा भार द्यायचा नसतो, तो नुसता सोबतीला. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने बसतं व्हायचं. मदतीला येणाऱ्या माणसाने दांड्यांना धरून कधीही उठवू नये. सगळ्यांचा हात पहिल्यांदा तिथेच जातो, कारण ते दांडे हँडलसारखे दिसतात.

आणि पायांखालचं दिसत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मान खाली जातच नाही, त्यामुळे उंबरा, गालिचा, पायऱ्या, लहान मूल, काहीच दिसत नाही. शिवाय वरचा भाग जड असल्याने तोलही वेगळा असतो. पहिले पंधरा दिवस कोणीतरी सोबत चाला.

निशिगंध

दांड्यांचं वाचून अंगावर काटा आला. काल मी तेच केलं होतं! आता सगळ्यांना सांगून ठेवते. खूप खूप आभार.

अस्थिरंग

मी मणक्यांच्या शस्त्रक्रिया करतो. रुग्णाला न तपासता सल्ला देणं योग्य नाही, म्हणून दादांबद्दल काही बोलत नाही. पण या भागाची रचना समजली की उपचारांमागचं 'का' समजतं, तेवढं लिहितो.

डोकं पहिल्या मणक्यावर टेकलेलं असतं. तो मणका म्हणजे नुसती कडी, त्याला इतर मणक्यांसारखं भरीव अंग नाही. दुसऱ्या मणक्यातून (ॲक्सिस) दातासारखा एक सुळका वर निघून त्या कडीत शिरतो. सुळका म्हणजे खुंटा आणि पहिला मणका म्हणजे त्याभोवती फिरणारं जातं, असं समजा. मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते, त्यातली जवळपास निम्मी वळण्याची क्रिया या एकाच जोडीत होते. खुंटा जागेवर राहावा म्हणून त्याच्या पाठीमागून एक आडवं लिगामेंट जातं. त्याच्या लगेच मागे मज्जारज्जू.

निसर्गाने इथे थोडी ऐसपैस जागा ठेवलेली आहे. कडीच्या आतल्या जागेचे ढोबळ तीन भाग केले तर एक सुळक्याचा, एक मज्जारज्जूचा आणि एक मोकळा. म्हणूनच या उंचीवर मणका सरकूनही माणूस चालत-बोलत येऊ शकतो. आणि म्हणूनच तो "ठीक आहे" असं समजून घरी पाठवला जातो. दादांच्या बाबतीत ते घडलं. साध्या एक-दोन एक्स-रेमध्ये फिरून अडकलेला मणका ओळखणं खरोखरच कठीण असतं, वाकड्या मानेचा एक्स-रे वाकडाच येतो. सीटी लागतो. शंका राहिली तर रुग्णाला स्वतःहून मान जमेल तेवढी दोन्ही बाजूंना वळवायला सांगून पुन्हा सीटी घेतात. निरोगी माणसात पहिला मणका दुसऱ्यावर फिरताना दिसतो. अडकला असेल तर दोन्ही एकाच तुकड्यासारखे एकत्र जातात.

आता शस्त्रक्रियेशिवाय काय करता येतं, याचा सगळा निकाल त्या आडव्या लिगामेंटवर ठरतो. प्रौढांमध्ये सुळका आणि कडीचा पुढचा भाग यांच्यातलं अंतर ३ मिलिमीटरपर्यंत असतं. मणका फिरलाय पण हे अंतर वाढलेलं नाही, म्हणजे लिगामेंट टिकून आहे. ते ५ मिलिमीटरच्या वर गेलं तर लिगामेंट तुटलं असं धरून चालावं लागतं. फील्डिंग आणि हॉकिन्स यांनी १९७७ मध्ये अशा अडकलेल्या मणक्यांचे चार प्रकार पाडले, ते प्रामुख्याने याच हिशेबावर. पहिल्या प्रकारात ट्रॅक्शन आणि नंतर बाहेरून आधार, या मार्गाने यश मिळण्याची आशा चांगली असते.

लिगामेंट मधोमध तुटलं असेल तर ते कॉलरने किंवा हेलोने जुळत नाही. हाड जुळतं, लिगामेंटचा मधला भाग जुळत नाही. मात्र ते आपल्या टोकाशी हाडाचा तुकडा घेऊन उखडलं असेल, तर तो तुकडा परत चिकटू शकतो, म्हणून तिथे हेलो देऊन बघण्यात अर्थ असतो. दोन्हीकडे 'लिगामेंटची इजा' हेच नाव, पण उपचार अगदी वेगळे. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारा.

रोखठोक

डॉक्टरसाहेब, सरळ विचारतो. तीन महिने डोक्यात खिळे घालून बसण्यापेक्षा दोन स्क्रू घालून एकदाचं मोकळं का होऊ नये? माझ्या मित्राची कमरेची शस्त्रक्रिया झाली, तिसऱ्या दिवशी चालत होता.

अस्थिरंग

प्रश्न रास्त आहे, रुग्णही हेच विचारतात.

पहिला आणि दुसरा मणका स्क्रूने जोडला की त्यांच्यातलं फिरणं कायमचं थांबतं. वर लिहिलं तसं, मान वळवण्याची निम्मी क्षमता तिथेच असते. ३८ वर्षांच्या माणसाने पुढची चाळीस वर्षं खांद्यासकट वळून मागे बघायचं. कमरेच्या एका सांध्याची आणि या सांध्याची तुलना म्हणूनच होत नाही. दुसरं म्हणजे मेंदूकडे जाणारी मणक्यातली धमनी याच हाडांमधून वळसे घेत जाते. स्क्रू घालताना तिच्यापासून काही मिलिमीटरवर काम चालतं. अनुभवी हातात हे सुरक्षितपणे होतं, पण गरज नसताना तो धोका का पत्करायचा?

आणि काही ठिकाणी मी स्वतः क्षणभरही थांबणार नाही. कवटी पहिल्या मणक्यापासून सुटली असेल, तर तिथे कॉलर-हेलोवर अवलंबून राहता येत नाही, शस्त्रक्रियाच लागते. ट्रॅक्शन तर तिथे घातक ठरतं, कारण आधीच ताणून तुटलेल्या जागेला तुम्ही आणखी ताणता. दुसऱ्या मणक्याच्या कमानीच्या एका विशिष्ट मोडतोडीतही (ज्यात मणका फारसा पुढे सरकत नाही पण कोनात वाकतो) वजन लावलं की फट वाढते. तिथे ट्रॅक्शन टाळून, किंचित मागे दाब देत हेलो बसवतात. ट्रॅक्शन म्हणजे 'थोडं ओढून बघू' असला प्रकार नव्हे, हे सांगण्यासाठी एवढं लिहिलं.

रोखठोक

फिरणं कायमचं थांबतं हे माहीत नव्हतं. पटलं. धन्यवाद.

निशिगंध

ट्रॅक्शनचं डॉक्टरांनी लिहिलंय ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. सुरुवात अगदी थोड्या वजनाने केली होती. दर वेळी थोडं वजन वाढवलं की एक्स-रे, आणि त्याआधी-नंतर नर्स येऊन विचारायच्या, "बोटं दाबा, पाय वर ढकला, इथे स्पर्श कळतोय का?" रात्री दोन वाजतासुद्धा. दादा वैतागायचा. मला तेव्हा वाटायचं की झोपू द्या ना बिचाऱ्याला. आता कळतं की तो जागा राहून उत्तरं देत होता म्हणूनच ते वजन वाढवू शकत होते. सोबत स्नायू सैल करणारी औषधं होती. चौथ्या दिवशी पहाटे तो म्हणाला, "काहीतरी सरकलं आणि एकदम हलकं वाटलं." मान मधोमध आली होती. लगेच परत सीटी करून खात्री केली आणि मगच हेलो.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. निशिगंध, तुमच्या ओळखीच्या ताईंनी बोटं टेकवून काय ओळखलं असेल ते सांगते, कारण माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांना हे माहीत असायला हवं.

साध्या आखडलेल्या मानेत कानामागून छातीच्या हाडापर्यंत येणारा जो लांब स्नायू असतो, तो हनुवटीच्या *विरुद्ध* बाजूचा कडक लागतो. तोच आखडून डोकं ओढत असतो. मणका फिरून अडकला असेल तर उलट होतं. हनुवटी ज्या बाजूला वळली, *त्याच* बाजूचा स्नायू ताणलेला लागतो, जणू डोकं परत सरळ करायची धडपड करतोय. यावरून निदान पक्कं होत नाही, पण अपघातानंतर हे लागलं की हात आवरून सीटी सांगायचा.

अशा मानेला मालीश करणं, झटका देऊन 'मोडणं', कोणी जाणकार म्हणवणाऱ्याकडून हाड बसवून घेणं, हे करू नका. मी हात जोडून सांगते. 'कट' आवाज आला म्हणजे मणका बसला असं नसतं. दवाखान्यातही हाताने मणका बसवतात, पण ते लिगामेंटची स्थिती माहीत असताना, मज्जारज्जूवर लक्ष ठेवून आणि समोर एक्स-रेचा पडदा चालू असताना.

नवखा_वाचक

मी तीन दिवसांपूर्वी पाठीमागून बसलेल्या धडकेत होतो. मान दुखते आहे, पण दोन्ही बाजूंना वळते. धागा वाचून घाबरलोय. मीही सीटी करू का?

पाऊलवाट

घाबरू नका. मान दुखणाऱ्या बहुतेकांना ही दुखापत झालेली नसते. कोणाला स्कॅन हवा ते ठरवण्याचे नियम आहेत. २००१ पासून वापरात असलेल्या कॅनडाच्या नियमात वय ६५ किंवा जास्त, अपघात घातक स्वरूपाचा किंवा हातापायांना मुंग्या, यांपैकी काही असेल तर थेट तपासणी. नसेल आणि कमी धोक्याची काही ठरावीक लक्षणं जुळत असतील (उदाहरणार्थ, साधी पाठीमागून बसलेली धडक, किंवा माणूस चालता-फिरता असणं), तर मान स्वतःहून दोन्ही बाजूंना ४५ अंश वळते का ते बघतात. हा नियम डॉक्टरांनी तपासून लावायचा आहे, घरी आरशासमोर नाही. तेव्हा एकदा दाखवून या. हातात बधिरपणा, चालताना तोल जाणं, लघवीचा त्रास, चक्कर, दुहेरी दिसणं किंवा बोलताना जीभ अडखळणं, यातलं काहीही झालं तर मात्र उद्यावर ढकलू नका. यातल्या शेवटच्या तीन गोष्टी मानेतल्या धमनीला इजा झाल्यावरही होतात.

नवखा_वाचक

आज संध्याकाळीच जातो. आभारी आहे.

ओंजळ

आमचा अनुभव वेगळा आहे. बाबा ७९ वर्षांचे, अंथरुणाशेजारी पडले आणि दुसऱ्या मणक्याचा तो सुळका बुडाशी मोडला. अस्थिरंग ज्याला खुंटा म्हणाले तोच. रिपोर्टवर 'प्रकार दोन' असं होतं.

आम्हाला वाटलं होतं की हेलो तरी देतील. डॉक्टरांनी नको म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की या वयात हेलोने श्वासाचे आणि गिळण्याचे त्रास होतात, न्यूमोनिया होतो, तोल जाऊन पुन्हा पडतात. शस्त्रक्रियेवरही बोलणं झालं. बाबांचं हृदय अशक्त आहे, त्यामुळे सगळ्यांनी मिळून कडक कॉलर ठरवली. बारा आठवडे, दिवसरात्र.

खरं सांगायचं तर कॉलर ही सोपी गोष्ट नव्हती. हनुवटीखाली आणि डोक्याच्या मागे कातडी सोलवटली. मग नर्सने शिकवलं: बाबांना सपाट निजवायचं, एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं, दुसऱ्याने कॉलरचा पुढचा भाग काढून त्वचा पुसायची, कोरडी करायची, अस्तर बदलायचं, परत लावायचं. मग मागचा भाग. रोज. हे करायला दोन माणसं लागतात, एकट्याने करू नये. जेवताना ठसका लागायचा म्हणून लहान घास, ताठ बसवून, घाई न करता.

बारा आठवड्यांनी एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलेलं नाही." माझ्या पोटात खड्डा पडला. पण मग बाबांनी स्वतः मान पुढे-मागे केली तेव्हाचे एक्स-रे दाखवले. मोडलेली जागा हलत नव्हती. मधे चिवट तंतूंचा सांधा तयार झालाय, म्हणाले, आणि त्यांच्या वयात तेवढं पुरेसं आहे. दोन वर्षं झाली. बाबा घरात फिरतात, पेपर वाचतात. मान कमी वळते.

उंबरठा

ओंजळ, तुमच्या बाबांचं वाचून बरं वाटलं. मला दुसरी बाजूही इथे नोंदवावीशी वाटते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की धरून बसलं की सगळं जुळतंच.

माझंही तेच हाड, तोच प्रकार. वय ५२. तुकडा मागे ६ मिलिमीटर सरकलेला. मी हट्टाने हेलो मागून घेतलं, शस्त्रक्रियेची भीती वाटत होती. बारा आठवडे सगळे नियम पाळले, एक पिनही सैल झाली नाही. शेवटच्या सीटीत फट जशीच्या तशी, आणि मान हलवली की तुकडा हलत होता. मग पहिला-दुसरा मणका जोडावा लागला. आता बरी आहे.

नंतर समजलं की पन्नाशी ओलांडलेली असणं आणि तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला असणं, या दोन्ही गोष्टी हाड न जुळण्याच्या बाजूने झुकतात. धूम्रपान ही तिसरी, ते मी करत नव्हते. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. नुसतं 'शस्त्रक्रिया नको' असं म्हणू नका, 'माझ्या बाबतीत न जुळण्याची शक्यता किती, आणि नाही जुळलं तर पुढे काय' हे विचारा. आणि ऐकायला सोबत कोणाला तरी न्या.

अस्थिरंग

उंबरठाताई, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. थोडी भर घालतो.

सुळक्याच्या मोडण्याचे तीन प्रकार अँडरसन आणि डी'अलोन्झो यांनी १९७४ मध्ये मांडले. प्रकार दोन बुडाशी, तिथे जुळण्यासाठी हाडाचा पृष्ठभाग कमी आणि रक्तपुरवठा बेताचा. प्रकार तीनमध्ये मोड मणक्याच्या अंगात उतरलेली असते, तिथलं हाड जाळीदार आणि रक्ताने भरलेलं, ते बहुतेक वेळा कडक कॉलर किंवा हेलोमध्ये जुळतं. दोन्ही मोडींमध्ये काही मिलिमीटरचा फरक असतो, पण त्यावरून उपचार बदलतो.

वयस्कर रुग्णांबद्दल आम्हा डॉक्टरांमध्येही एकमत नाही. प्रकृती चांगली असेल तर शस्त्रक्रिया करावी असं मानणारे आहेत, कॉलर आणि तंतूंचा सांधा पुरेसा असं मानणारे आहेत. माझा कल प्रत्येक रुग्णाचं हृदय, फुप्फुसं आणि घरातला आधार पाहून ठरतो. मात्र वृद्धांना हेलो देण्याचं मी जवळजवळ बंद केलंय.

जाता जाता, हेलो मुळात अपघातांसाठी आलंच नव्हतं. पोलिओमुळे मानेचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांचं डोकं सावरण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस इथे जॅकलिन पेरी आणि व्हर्नन निकेल यांनी ते विकसित केलं आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. पिना कपाळावर भुवईच्या बाहेरच्या भागाच्या वर साधारण एक सेंटिमीटरवर लावतात. आतल्या बाजूला कपाळाच्या संवेदनेची नस असते, ती वाचावी म्हणून. लावताना डोळे मिटून ठेवायला सांगतात, नाहीतर कपाळाची कातडी ताणून पिनेत अडकते आणि मग पापण्या पूर्ण मिटत नाहीत. प्रौढांमध्ये पिन ८ इंच-पाउंड इतक्या जोराने आवळतात, त्यासाठी मोजणारा पाना असतो. घरी पक्कड घेऊन आवळायला जाऊ नका. असं करणारे रुग्ण मी पाहिलेत, पिन कवटीच्या आत जाऊ शकते.

दीपस्तंभ

पान्यावरून आठवलं. जाकीट उघडायचा पाना जाकिटाच्याच पुढच्या बाजूला चिकटवून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. छाती दाबायची वेळ आली तर जाकिटाचा पुढचा भाग लगेच उघडता यायला हवा.

पिनांची सफाई: माझ्याकडून दिवसातून एकदा, प्रत्येक पिनेला वेगळा स्वच्छ बोळा, सलाइनच्या पाण्याने करून घेत. मलम-पावडर काही नाही. अंघोळ नाहीच, ओल्या फडक्याने अंग पुसायचं, जाकिटाचं अस्तर ओलं होऊ द्यायचं नाही. जाकिटाखाली रोज टॉर्चने बघा, खांद्याच्या पात्यावर लाली दिसली तर कळवा. पाणी प्यायला नळी. शर्ट पुढून पूर्ण उघडणारे आणि दोन मापं मोठे.

आणि मनाचं. सहाव्या आठवड्यात मला रडू यायचं, कारण नसताना. लोक बघायचे. दादांना तसं झालं तर त्यांना 'खंबीर राहा' म्हणू नका. शेजारी बसा.

निशिगंध

हे वाचून मीच रडले. पाना चिकटवलाय.

---

निशिगंध (दहा आठवड्यांनंतर)

कबूल केल्याप्रमाणे पुढची हकीकत लिहिते.

परवा हेलो निघालं. आधी सीटी झाला, मणका जागेवर. मग दांडे सोडवून, कडं तसंच ठेवून दादाला स्वतःहून मान हळूहळू पुढे-मागे करायला सांगितली आणि एक्स-रे काढले. सुळका आणि कडी यांच्यातलं अंतर वाढलं नाही, हे पाहिल्यावरच पिना काढल्या. काही गडबड दिसली असती तर कडं परत जोडता आलं असतं, म्हणून ही पद्धत, असं डॉक्टरांनी समजावलं. काढताना दुखलं नाही फारसं. कपाळावर दोन खोल ठिपके राहिलेत.

आम्हाला वाटलं होतं की आता तो मोकळा झाला. प्रत्यक्षात पहिल्या संध्याकाळी तो म्हणाला, "डोकं माझं नाहीच असं वाटतंय, इतकं जड आहे." मान काडीसारखी बारीक झालीय. आता महिनाभर कडक कॉलर आणि मग टप्प्याटप्प्याने काढायची. डॉक्टरांनी हेही सांगितलंय की मणका पुन्हा अडकू शकतो, मान परत वाकडी होताना दिसली तर वाट न बघता यायचं. पुन्हा पुन्हा झालं तर मात्र जोडण्याचा विचार करावा लागेल.

पाऊलवाट, एक विचारायचं होतं. काल मागून हाक मारली तर तो अख्खा वळला, पायांसकट. वळणं अजून जमतच नाही की सवय झालीय?

पाऊलवाट

किती छान बातमी!

दोन्ही असणार. दहा आठवड्यांत शरीर एका तुकड्यात वळायला शिकतं आणि मेंदू ते पटकन सोडत नाही. डॉक्टरांनी व्यायामाला हिरवा कंदील दिल्यावर साधारण असं सुरू होतं: आधी न हलता, तळहात कपाळाला लावून अगदी हलका दाब, पाच-सहा सेकंद. मग बाजूंना. दुखू द्यायचं नाही. नंतर वळण्याचं. त्यात डोळे आधी, डोकं मागाहून: समोर बसून फक्त नजर डावीकडे न्यायची, मग हनुवटी नजरेच्या मागे जाऊ द्यायची, जितकी सहज जाईल तितकीच. कोणीही हाताने ढकलायचं नाही, दादांनी स्वतःसुद्धा नाही. गाडी चालवणं तर अजून दूर आहे. कमरेतून न वळता खांद्यावरून मागे बघता आलं आणि डॉक्टर हो म्हणाले, की मग.

तोवर त्याला हाक समोरून मारा.

निशिगंध

आजपासून समोरून. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे, तेव्हा किती वळते ते इथे लिहीन.